मोबाईल खिशात आला. आता लँग्वेज लॅबचं करायचं काय?

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तालुक्याच्या गावातलं तुमचं कॉलेज. अनुदानातून लँग्वेज लॅब, म्हणजे हेडफोन लावून भाषा ऐकायची-बोलायची खोली, करायची आहे. तीस कॉम्प्युटर, तीस हेडसेट, शिक्षकाचं कन्सोल आणि सॉफ्टवेअर, असं कोटेशन आलंय. संस्थेला खोली उभी राहिलेली बघायची आहे. आणि प्राचार्य विचारतायत, पोरांच्या खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये एआय. मग या खोलीत येऊन ती वेगळं काय करणार?

प्राचार्यांचा प्रश्न रास्त आहे. तरीही खोली कराच. फक्त तीसचे बारा करा. उरलेले पैसे कुठे घालायचे ते पुढे सांगते.

मी १९९८ साली सोलापुरात इंग्रजी शिकवायला लागले आणि पहिल्याच वर्षी लॅबची किल्ली माझ्या गळ्यात पडली. कोणालाच नको होती म्हणून. ती लॅब म्हणजे एक डबल-कॅसेट डेक आणि त्याला जोडलेले सोळा हेडफोन. एप्रिल-मेमध्ये हेडफोनवरचा काळा फोम चुरा होऊन पोरांच्या कानशिलांना चिकटायचा. पोरं बाहेर आली की कोण लॅबमधून आलंय ते कानावरून कळायचं. पुढे दहाएक वर्षांनी वीस कॉम्प्युटर आले, सर्व्हर आला, आणि डोंगलवर, म्हणजे कॉम्प्युटरला खोचायच्या एका छोट्या किल्लीवर, चालणारं एक सॉफ्टवेअर आलं. डोंगल माझ्या पर्समध्ये, कारण तो हरवला तर लॅब बंद. तीन वर्षांनी विंडोज बदललं, डोंगल ओळखेना, विकणाऱ्या कंपनीचा फोन लागेना. मुलांची तीन वर्षांची रेकॉर्डिंग त्या सॉफ्टवेअरच्याच फाइलींत अडकून राहिली. आजही त्या जुन्या हार्ड डिस्कवर आहेत, कुणालाच उघडत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, कोटेशनकडे आलो की उपयोगी पडेल.

मुळात ही खोली कशासाठी निघाली ते एकदा बघू. रशियानं १९५७ मध्ये स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि अमेरिकेला वाटलं आपण मागे पडलो. १९५८ च्या कायद्यानं विज्ञान, गणित आणि परकीय भाषांसाठी सरकारी तिजोरी उघडली आणि शाळा-कॉलेजांतून टेपरेकॉर्डरचे कप्पे बसले. त्यामागची समजूत अशी की भाषा म्हणजे सवय. ऐका, म्हणा, स्वतःचं ऐका, पुन्हा म्हणा; चाळीस वेळा म्हटलं की जिभेला वळण लागतं. १९५९ मध्ये भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कींनी या समजुतीच्या मुळावरच घाव घातला. १९६३ मध्ये कीटिंग यांचा न्यूयॉर्क परिसरातल्या फ्रेंच शिकणाऱ्या शाळकरी मुलांचा अभ्यास आला, त्यात लॅब नसलेल्या शाळांची मुलं बऱ्याच ठिकाणी सरस निघाली. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या मोठ्या पाहणीतही लॅबमुळे फार काही हाती लागलं असं दिसलं नाही. आपल्याकडे या खोल्या गावोगावच्या कॉलेजांत पोचल्या त्या हे सगळं होऊन गेल्यावर. तिकडे जिच्यावर शंका घेऊन झाली होती ती वस्तू आपण नवी म्हणून घेतली. तपासणी समिती आली की खोलीचं कुलूप निघायचं, समिती गेली की पुन्हा लागायचं. तुम्हीही बघितलं असेल.

आता मोबाईलनं या खोलीकडून काय काढून घेतलं ते सरळ मान्य करू. ऐकण्याचं काम गेलं, आणि बरंच झालं. आमच्या कॅसेटवर एक गोरी बाई आणि एक गोरा माणूस, दोघंच वर्षभर बोलायचे. मुलांना त्या बाईचं इंग्रजी कळायचं, बाकी कुणाचं नाही. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी या तिघांनी जपानी विद्यार्थ्यांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकायला शिकवले, तेव्हा मुद्दाम वेगवेगळ्या माणसांचे आवाज वापरले. वेगवेगळ्या आवाजांवर तयार झालेला कान कधी न ऐकलेल्या माणसाच्या तोंडचाही फरक पकडतो, हे त्या दिशेच्या कामातून पुढे येत गेलं. ही सोय आता फुकट आहे. एका शब्दाचे दहा देशांतले दहा उच्चार मोबाईलवर दोन मिनिटांत ऐकता येतात, गती कमी करून ऐकता येतात. त्यासाठी पोराला खोलीत बसवणं हा त्याच्या वेळेचा अपमान आहे.

एआयनं दुसरी गोष्ट काढून घेतली, ती म्हणजे लाज. वर्गात तोंड न उघडणारी मुलगी रात्री अकरा वाजता गच्चीवर बसून मोबाईलशी इंग्रजीत बोलते. हे मी स्वतः पाहिलंय आणि त्याला नावं ठेवणार नाही. आमच्या खोलीला हे वीस वर्षांत जमलं नव्हतं.

पण एक गोष्ट त्या यंत्राला येत नाही. ते सहसा ‘काय?’ म्हणत नाही. तुम्ही कसंही तुटकं, उलटंसुलटं बोला, ते अर्थ लावतं, कौतुक करतं आणि पुढे जातं. नोकरीच्या मुलाखतीत, हॉस्पिटलच्या काउंटरवर, पुण्याच्या कंपनीच्या फोनवर समोरचा माणूस ‘काय?’ म्हणतो, कपाळाला आठ्या घालतो, आणि मग आपण तेच वाक्य मोडून दुसऱ्या तऱ्हेनं सांगतो. भाषा अंगात मुरते ती या मोडण्या-जोडण्यात. भाषा कशी शिकली जाते याचे अभ्यासक मायकल लाँग यांनी ऐंशीच्या दशकात हेच मांडलं होतं, की समजुतीत अडखळा येतो आणि दोघं मिळून तो सोडवतात तिथे शिकणं घडतं. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या शाळांवर मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये लिहिलं तेही याच्या जवळचं: मुलांनी वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकलं, पण बोलायला भाग पाडलं गेलं नाही म्हणून बोलणं कच्चं राहिलं.

म्हणून आमच्या खोलीत आता सगळ्यात जास्त वापर कशाचा होतो माहितीये? जुन्या लाकडी पार्टिशनचा. एका बाजूला नकाशा असलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला कोरा कागद घेतलेला मुलगा. स्टेशनवरून पार्क चौकाकडून सिद्धेश्वर मंदिरापर्यंत त्याला फक्त आवाजानं न्यायचं. हात करायचे नाहीत, मराठी बोलायचं नाही. पहिल्या दिवशी निम्मी पोरं भलतीकडेच निघाली. दोघं एकमेकांना दहा वेळा ‘काय?’ म्हणतात. त्यात कॉम्प्युटर कुठेच नाही, एक साधा रेकॉर्डर मात्र चालू असतो, आणि मग दोघं बसून ऐकतात की गाडी नेमकी कुठल्या शब्दाला घसरली. हा तास संपल्यावर पोरं बाहेर जाऊनही भांडत असतात, चूक कुणाची होती म्हणून.

ॲपच्या मार्कांबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तुमच्या कोटेशनमध्ये ‘एआय उच्चार मूल्यांकन’ नावाची ओळ असणारच. असं समजा, एक मुलगी आहे. घर सोलापूरच्या पूर्व भागात, वडील मागावर, आई विड्या वळते, घरात तेलुगू, शाळा मराठी. अशा कितीतरी मुली माझ्याकडे येऊन गेल्या. त्यांतल्या एकीला ॲपनं शंभरपैकी ६१ दिले आणि ती आठवडाभर आलीच नाही. मी तिचं तेच रेकॉर्डिंग पुण्यात नोकरी करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवलं आणि सांगितलं, ऐकू येतं ते लिहून काढ. त्यानं एकूण एक शब्द बरोबर लिहून पाठवला.

मग ६१ कशाचे? ही सॉफ्टवेअर ढोबळमानानं असं करतात: ज्या आवाजांवर त्यांना तयार केलं त्यांच्याशी तुमचा प्रत्येक ध्वनी किती जुळतो याचा अंदाज बांधतात आणि त्याला मार्क देतात. समोरच्याला कळलं का, हे ते मोजत नाहीत. मन्रो आणि डर्विंग यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं की बोलण्यातला ठसका, म्हणजे ॲक्सेंट, आणि बोलणं समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर ठसका असलेलं बोलणंही पूर्ण समजू शकतं. आमची मुलगी ‘येव्हरी’ आणि ‘वोन्ली’ म्हणत होती. तेलुगू-कन्नड घरांत ए आणि ओच्या आधी य-व लागतोच, आपलं ‘येक’सुद्धा तसंच. याने कुणाचंही काही अडत नाही. पण ‘डेव्हलप’मध्ये ती जोर पहिल्या अक्षरावर देत होती आणि ‘कमिटी’मध्ये शेवटच्या. परक्या माणसाचा कान खरा अडतो तो अशा ठिकाणी. ॲपनं दोन्ही चुकांना सारखेच मार्क कापले होते. यांतली कुठली चूक आधी धरायची आणि कुठली सोडून द्यायची, हे सांगणारं कुणीतरी त्या खोलीत पाहिजे. माझ्या मते आज लॅबवाल्या शिक्षकाचं पहिलं काम हेच आहे.

यंत्र बिनकामाचं आहे असं मात्र समजू नका. प्राट नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोअर्स्मा आणि वेनिंक या दोघांनी केलेलं. दिसायला रुक्ष, पण ते आवाजाचं चित्र काढतं. इंग्रजीत ‘पार्क’ म्हणताना प नंतर हवेचा एक झोत येतो आणि मग स्वर सुरू होतो. आपण मराठीत प म्हणतो तो कोरडा, बिनझोताचा. म्हणून इंग्रज माणसाला कधीकधी आपला ‘पार्क’ ‘बार्क’ ऐकू येतो. हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगितलं, पोरं मान हलवायची आणि विसरायची. प्राटवर ओठ उघडल्यापासून स्वर सुरू होईपर्यंतची ती मोकळी जागा डोळ्यांना दिसते. स्वतःच्या आवाजात ती जागा नाही आणि बीबीसीच्या बाईच्या आवाजात आहे, हे एकदा बघितलं की दहा मिनिटांत जीभ वळते. मागावर कापड बघून दोष सांगणाऱ्या घरातली पोरं ही, चित्रातला फरक त्यांना पटकन दिसतो.

आता सोलापूरचं वेगळेपण. आपल्याकडे लँग्वेज लॅब म्हटलं की इंग्रजी, असं एक समीकरण झालंय, आणि माझ्या मते आपण सगळ्यात मोठा तोटा तिथेच करून घेतलाय. माझ्या वर्गात साठ पोरं असतात. त्यांत घरी मराठी बोलणारी, कन्नड बोलणारी, तेलुगू बोलणारी आणि उर्दू बोलणारी अशी चार तऱ्हेची पोरं बाकाला बाक लावून बसतात. अमेरिकेतली विद्यापीठं अशी माणसं गोळा करायला पैसे मोजतात. आपल्याकडे ती फी भरून येतात आणि आपण त्यांना सांगतो, घरची भाषा दाराबाहेर ठेवून या.

मराठीच्या उच्चारांचंच घ्या. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांचा ‘ळ’ अडतो, ‘बाळ’चा ‘बाल’ होतो. कन्नड आणि तेलुगू घरच्या मुलांना ळ आईच्या दुधाबरोबर मिळालेला. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च वेगळा, हे कन्नड घरच्या मुलाला मुद्दाम सांगावं लागतं, तेलुगू घरच्याला बहुतेक वेळा नाही, कारण त्यांच्या ‘चाला’ या शब्दातला, म्हणजे ‘खूप’ या अर्थाच्या शब्दातला च साधारण आपल्या ‘चाक’मधलाच. उलट ‘भाकरी’चा भ या दोघांकडेही बोलताना सैल पडून ‘बाकरी’ होतो, तिथे उर्दूवाली मुलं त्यांना शिकवतात. मी आता जोड्या अशाच लावते. ज्याच्याकडे जे आहे ते त्यानं दुसऱ्याला द्यायचं. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला ऑक्टोबर २०२४ मध्ये, त्याचे कार्यक्रम आपण केले, हारतुरे झाले. पण बाहेरून मराठीत आलेल्या पोराला ळ शिकवायला कॉलेजात किती जागा आहे ते बघा.

आमच्या खोलीत आणखी एक उद्योग चालतो, तो अभ्यासक्रमात कुठेच बसत नाही. मुलं आजी-आजोबांचं बोलणं रेकॉर्ड करून आणतात. विषय एकच: कामाचे शब्द. धोटा, कांडी, फणी, ताणा, बाणा. एका वर्षी एकीनं मागाचं नाव तीन घरांतून आणलं. मराठीत माग, तेलुगूत मग्गम, कन्नडमध्ये मग्ग. वर्गात ते ओळीनं ऐकवलं तेव्हा शेवटच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, ‘म्याडम, हे तर एकच हाय की!’ त्याच्या बोलण्यालासुद्धा कन्नडचा वास आहे असं मी त्याला सांगितलं, तर त्याला ते पटलं नाही. तूप आणि तुप्प सांगितल्यावर पटलं.

या रेकॉर्डिंगचा एक व्यवहारी उपयोगही आहे. बोललेलं लिहून काढणारी यंत्रं ज्या आवाजांवर शिकली, त्यांत आपण फारसे नाही. ओपनएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये मोफत दिलेलं व्हिस्पर सहा लाख ऐंशी हजार तासांच्या आवाजावर शिकलं, पण त्यातलं जवळजवळ दोन-तृतीयांश इंग्रजी. केंद्र सरकारची भाषिणी योजना आणि मद्रासच्या आयआयटीतलं एआय-फॉर-भारत यांनी भारतीय भाषांचं काम खूप पुढे नेलंय, पण आमच्या पोरानं ‘काय करायलास बे’ म्हटलं की मोबाईल अजून गडबडतो. ‘मी जायलोय’चं त्यानं काय काय केलेलं मी वाचलंय, इथे लिहीत नाही. मी हाच पाठ करते. मुलं सोलापुरी बोलतात, यंत्र लिहितं, आणि मग मुलांनी यंत्राच्या चुका तपासायच्या. प्रमाण मराठी आणि बोली यांतला फरक इतक्या आनंदानं शिकताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. डेक्कन कॉलेजनं मराठी बोलींचं सर्वेक्षण केलंय, तेही ऐकवा. आपल्या जिल्ह्यासारखं बोलणं विद्वानांनी टिपून ठेवलंय हे कळलं की पोरांची मान जरा वर होते.

परकीय भाषांचं तुम्ही विचारलंय. जर्मनची लाट आहे. नर्सिंगवाल्यांना जर्मनीत नोंदणीसाठी साधारण बी-२ पातळी (ए-१ ही पहिली पायरी धरली तर चौथी) लागते, आणि तिथवर जायला शून्यापासून वर्ष-दीड वर्ष रोजची मेहनत आहे. आठवड्यातून दोन तासांच्या सर्टिफिकेट कोर्सनं तिथे कुणी पोचत नाही, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगा. तुमच्या खोलीनं ए-१ प्रामाणिकपणे करून दिलं, आणि पुढे कुठे जायचं ते सांगितलं, तरी पुष्कळ.

पण मला विचाराल तर सोलापूर जिल्ह्यातल्या कॉलेजनं आधी कन्नड करावं. इथल्या हॉस्पिटलांत विजयपूर, कलबुर्गीकडचे पेशंट रोज येतात. पोटात कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, गोळी जेवणाआधी की नंतर, एवढं कन्नडमध्ये बोलता येणाऱ्या नर्सची, फार्मसीवाल्याची, रिसेप्शनवरच्या मुलीची किंमत इथे मोठी आहे. भैय्या चौकात ज्यांचं स्मारक आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले ते चिनी भाषा न येता. लॅब नव्हती, कॅसेट नव्हती. जखमी सैनिकांच्या वॉर्डात ते चिनी शिकले, आणि पुढे त्याच भाषेत त्यांनी तिथल्या डॉक्टरांना शिकवलं. डिसेंबर १९४२ मध्ये ते गेले, म्हणजे हातात जेमतेम चार वर्षं. मी नवीन मुलांना हे सांगते तेव्हा त्यांना ती देशभक्तीची गोष्ट वाटते. मला ती भाषेच्या तासाची गोष्ट वाटते: ऐकणारा समोर होता आणि बोलल्याशिवाय भागणार नव्हतं.

तुमच्याकडे कन्नडचा शिक्षक नसेल. आमच्याकडेही नव्हता. कोलंबिया, येल आणि कॉर्नेल या अमेरिकेतल्या तीन विद्यापीठांनी २०१२ च्या सुमारास एक साधी युक्ती काढली. ज्या भाषेला एका ठिकाणी चारच विद्यार्थी, तिचा शिक्षक एका विद्यापीठात आणि बाकीच्यांची मुलं पडद्यावरून त्याच वर्गात. आपल्याकडे तीन-चार कॉलेजांनी मिळून एक कन्नड शिक्षक ठेवता येतो. विजयपूर इथून शंभर किलोमीटर. तिथल्या कॉलेजात मराठी शिकू इच्छिणारी मुलं मिळतात. अर्धा तास आपण त्यांची भाषा बोलायची, अर्धा तास त्यांनी आपली. या कामासाठी मात्र खोली लागते. चांगला माइक, स्थिर इंटरनेट, शांतता आणि ठरलेली वेळ या चार गोष्टी घरी एका खोलीत सहा माणसं राहणाऱ्या पोराकडे नसतात. मोबाईल आहे म्हणजे बोलायला जागा आहे असं नाही, हे प्राचार्यांना जरूर सांगा. शेजारी माग चालू असताना कोण कुणाशी जर्मन बोलणार?

आता पैशाचं. अनुदानाची मोठी गंमत अशी की मशीनला हेड, म्हणजे खर्चाचं खातं, असतं, माणसाला नसतं. कॉम्प्युटर घ्या म्हणतात, त्याच्याशेजारी बसणारा माणूस घ्या म्हणत नाहीत. मी हा प्रश्न कमवा आणि शिका योजनेतून सोडवला. तिसऱ्या वर्षाची सहा मुलं दुपारी दीड-दोन तास लॅबमध्ये बसतात. त्यांचं काम शिकवणं नाही. ऐकायचं, आणि न कळलं तर खरंच ‘काय?’ म्हणायचं. सुरुवातीला त्यांना वाटायचं आपण चुका काढायला बसलोय. ती सवय मोडायला एक सत्र गेलं. आता पहिल्या वर्षाची मुलं माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त जातात, आणि ते मला आवडतं. तुमच्या वर्कलोडमध्ये हे तास धरले जाणार नाहीत, हे गृहीत धरूनच चला. त्यावर माझं आणि ऑफिसचं भांडण दर जूनमध्ये होतं.

निबंध, पत्र, सारांश हे घरून लिहून आणायचं काम एआयनं संपवलं, त्यावर रडण्यात अर्थ नाही. मी आता उत्तर एआयकडूनच आणायला सांगते, वर पेन्सिलीनं पाच जागी खुणा करायला लावते: इथे मी असं म्हणालो नसतो, का ते सांग. मग कागद खाली ठेवून दोन मिनिटं बोलायचं. ज्यानं वाचलं नाही तो पहिल्या तीस सेकंदांत उघडा पडतो.

कोटेशन. बारा साधे कॉम्प्युटर पुरेत, बाकी मुलांचे मोबाईल आहेतच. हेडसेट वायरचेच घ्या, माइकची दांडी तोंडाशी येणारे. ब्लूटूथ घेतलेत तर चार्जिंग करणारा माणूस वेगळा लागेल. कानावरच्या गाद्या सुट्या मिळतात का ते आधी विचारा आणि दुप्पट घेऊन ठेवा. आवाज रेकॉर्ड करायला आणि कापायला ऑडॅसिटी फुकट आहे, प्राट फुकट आहे, वर्गकामासाठी मूडल फुकट आहे. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला हे विचारा: मुलांचं रेकॉर्डिंग साध्या एमपी-थ्री फाइलमध्ये बाहेर काढता येतं का, नेट गेल्यावर चालतं का, आणि चौथ्या वर्षी नूतनीकरणाला किती घेणार. पहिल्याच प्रश्नाला तो घुटमळला तर चहा पाजून परत पाठवा. माझा डोंगल अजून ड्रॉवरमध्ये आहे, हवा तर दाखवायला देते.

खोलीचा आवाज ही सगळ्यात दुर्लक्षित बाब. फरशी, उघड्या भिंती, पत्र्याचं कपाट, वर तीन पंखे. अशा खोलीत महागातला माइकही विहिरीत बोलल्यासारखा आवाज टिपतो. ध्वनिरोधक पॅनेलचं कोटेशन बघून आम्ही हबकलो होतो. मग आमच्या शिपाईमामांनी सुचवलं आणि कारखान्यातल्या सेकंड मालातल्या जाड सोलापुरी चादरी आणल्या, दोन भिंतींवर भिंतीपासून चार बोटं सोडून टांगल्या. रस्त्यावरचा आवाज त्यानं थांबत नाही, पण खोलीतला घुमणारा आवाज निम्मा मरतो. तपासणीला आलेल्या एका बाईंनी ती कलादालनाची सजावट समजून फोटो काढले. पंख्यांसाठी मात्र उपाय सापडलेला नाही. मे महिन्यात रेकॉर्डिंगची दोन मिनिटं पंखे बंद आणि सगळे घामाघूम, असंच चालतं.

एक कागद मात्र विसरू नका. मुलाचा आवाज ही त्याची खाजगी वस्तू आहे. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आहे, त्यात अठराच्या आतल्यांसाठी पालकांची संमती लागते, आणि तुमच्याकडे ज्युनिअर कॉलेजही आहे. रेकॉर्डिंग कुठे जातं, किती दिवस राहतं, कंपनी त्यावर आपलं यंत्र शिकवते का, हे करारात लिहून घ्या. आजोबांचे आवाज आणणाऱ्या पोरांकडून आम्ही आजोबांचीही सही घेतो. एका आजोबांनी सही करण्याआधी अर्धा तास चौकशी केली, आणि मग त्या अर्ध्या तासाचंही रेकॉर्डिंग करायला हवं होतं असं वाटलं.

तुमच्या कोटेशनचा फोटो मी पाहिला. कन्सोलची ओळ सरळ काटा, त्याचा आता काही उपयोग नाही. हेडसेटचा दर मला जास्त वाटतोय, आणखी दोन ठिकाणी विचारा. आणि खोली पूर्वेकडची घेताय की पश्चिमेची? पश्चिमेची असेल तर दुपारच्या सत्रात कुणी बसणार नाही, आधी ती बदलून घ्या. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सोलापूरला येणार असाल तर सकाळी अकराच्या आत या. बारानंतर आमची सहा पोरं बसलेली असतात आणि मलाही तिथे खुर्ची मिळत नाही.